दुसरा बॉक्स जोडला की बेस कमी का होतो?

लग्नसराई सुरू झाली की जळगाव-भुसावळपासून धुळ्या-शिरपूरपर्यंतच्या ऑर्केस्ट्रावाल्यांकडून एक तक्रार हमखास येते. एका स्पीकर बॉक्सवर बेस गिटार बरी वाजत होती. लॉन मोठं म्हणून ओळखीतल्या कोणाचा तरी दुसरा बॉक्स आणला, ॲम्पच्या दुसऱ्या सॉकेटला लावला, आणि बेस वाढायचं सोडून पातळ झाला. खालून साउंडवाला ओरडतो, "भाऊ, बेस कथा गया?" (कुठे गेला?) बेसवाला ॲम्पचा बेसचा नॉब आणखी फिरवतो, क्लिपचा लाल दिवा लागतो, ढोलक आणि ऑक्टोपॅड वरून वाजत राहतात आणि बेस काही सापडत नाही. दुसऱ्या दिवशी तो आणलेला बॉक्स दुरुस्तीला येतो. टेबलावर लावून बघितला तर ठणठणीत.

ठणठणीतच असणार. बहुतेक वेळा दोन्ही बॉक्स एकेकटे चांगले असतात, जोडी जमलेली नसते. म्हणून तपासणीही जोडीचीच करायची. खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने गेलात तर बरेच जण पहिल्याच पायरीवर सुटतील.

आधी एक वायर काढून बघा

ट्रान्झिस्टरचा किंवा क्लास-डी ॲम्प असेल तर व्हॉल्यूम शून्यावर आणा, दुसऱ्या बॉक्सची वायर काढा, व्हॉल्यूम परत होता तिथे ठेवा आणि ए स्ट्रिंगवर तिसऱ्या फ्रेटचा सा धरून वाजवा. तुमचा सा वेगळा असेल तर तोच धरा, स्ट्रिंग जाड असली म्हणजे झालं. (व्हॉल्व्हचा ॲम्प असेल तर तो स्टँडबायवर टाकल्याशिवाय वायरीला हात लावू नका, आणि बॉक्सशिवाय तो कधीच वाजवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.)

एक बॉक्स काढल्यावर आवाज थोडा उतरला तर जोडी बरोबर आहे, तुमची अडचण पुढे कुठेतरी आहे. पण एक काढल्यावर बेस वाढला तर दोन बॉक्स एकमेकांच्या विरुद्ध चाललेत. एकाचा कोन (स्पीकरचा पुढेमागे हलणारा पडदा) बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो, आणि खालचे सूर हवेतच एकमेकांना खाऊन टाकतात. वरचे सूर तसे पूर्ण खाल्ले जात नाहीत, म्हणून बोट घासल्याचा आणि तार फ्रेटवर आपटल्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. 'नुसती टकटक येते, पोटात बसत नाही' असं कोणी सांगितलं की पहिला संशय इथेच घ्यायचा.

कोणता उलटा आहे हे बघायला ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी पुरते. बॉक्स ॲम्पपासून पूर्ण सोडवा. जॅकची वायर असेल तर तिचं एक टोक बॉक्सात घाला आणि दुसऱ्या टोकाच्या पिनचं टोक बॅटरीच्या प्लसला, दांडा मायनसला फक्त टेकवा. स्पीकॉन (फिरवून अडकवायचा गोल कनेक्टर) असेल तर १ प्लस आणि १ मायनसच्या वायरी टेकवा. धरून ठेवू नका, टेकवा आणि उचला. जाळीतून मोबाइलचा टॉर्च तिरपा मारला तर कोनाची हालचाल स्पष्ट दिसते. प्लसला प्लस लागल्यावर कोन बाहेर यायला हवा. दोन्ही बॉक्सांवर करा. एकाचा बाहेर आणि एकाचा आत गेला की सापडलं. एक सावधगिरी: जुन्या जेबीएल स्पीकरांत हे मुळातच उलटं असायचं, लाल टर्मिनलला प्लस दिला की कोन आत. जुन्या बॉक्सातून काढलेला असा स्पीकर कोणी तुमच्या पेटीत बसवला असेल तर वायरी रंगाप्रमाणे बरोबर असूनही तो विरुद्धच चालेल.

हा उलटेपणा येतो कुठून? बहुतेक वेळा वायरीतून. स्पीकॉनच्या आत दोन स्क्रू असतात, घाईत बनवलेल्या वायरीत एका टोकाला १ प्लस आणि १ मायनस अदलाबदल होतात. त्या एकाच वायरीवर वर्षानुवर्षं एकच बॉक्स वाजला तर कोणाला काही कळत नाही, कारण एकट्या बॉक्सला उलटं-सुलटं कानाला फारसं कळतच नाही. दुसरा शेजारी आला की भांडण सुरू.

दुसरी जागा म्हणजे रिकोन, म्हणजे जुन्या स्पीकरला नवा कोन बसवणं. अलीकडेच एका ४ बाय १० (चार दहा इंची स्पीकरांच्या) बॉक्सची मागची फळी उघडली होती. चारपैकी एका स्पीकरचा कोन नवा, डिंक अजून पिवळा चकचकीत. फ्रेमवरचा लाल ठिपका जागेवर, लाल वायर लाल ठिपक्यालाच. सगळं नियमाने. पण टर्मिनलपासून कोनाकडे जाणाऱ्या त्या दोन विणलेल्या तारा सोल्डर करताना अदलाबदल झालेल्या. बाहेरून दिसण्यासारखं काही नाही, बॅटरी टेकवली तेव्हा तीन बाहेर आले आणि हा एक आत गेला. हिशोब करा: तीन ढकलतात, एक ओढतो, उरले दोन. खालच्या सुरांत चारांच्या मानाने थेट ६ डेसिबलची तूट. बॉक्स 'चालू' आहे, चारही कोन हलताहेत, आणि मालक म्हणतो, रिकोननंतर पहिल्यासारखा वाजत नाही. तो बरोबरच म्हणत असतो. म्हणून ४ बाय १० असेल तर बॅटरी टेकवताना चारही कोन बघा, एकावर समाधान मानू नका.

ओहमचा हिशोब

ॲम्पच्या मागे दोन सॉकेट आहेत म्हणजे ताकद दोन वाटांनी वेगळी जाते असं नाही. आत ती दोन्ही जवळजवळ नेहमी पॅरललच (समांतर) असतात, आणि पॅरललमध्ये ओहम, म्हणजे बॉक्सचा रोध, कमी होतो. ८ आणि ८ मिळून ४ ओहम. ४ आणि ४ मिळून २. ८ आणि ४ मिळून २.६७. ॲम्पवर 'किमान ४ ओहम' लिहिलं असेल तर पहिली जोडी चालते, बाकी दोन चालत नाहीत. काही ॲम्प अशा वेळी प्रोटेक्शनमध्ये जातात, आवाज येतो-जातो करतात. काही काहीच न बोलता तापत राहतात आणि मे महिन्यात, जेव्हा जळगावचा पारा रात्री दहालाही खाली यायला तयार नसतो, तेव्हा हळदीच्या मध्यावर राम म्हणतात.

२.६७ ची जोडी एखाद्या ॲम्पने सहन केली तरी वाटणी असमान होते. ४ ओहमचा बॉक्स दोन तृतीयांश ताकद घेतो, ८ ओहमवाल्याला एक तृतीयांश मिळते. तुम्ही ज्याच्या भरवशावर बेस मागत होतात तोच नेमका ८ ओहमचा असेल तर तो जोडून उपयोग काय?

मागचा स्टिकर गेलेला असेल तर मल्टिमीटर लावा. मीटर डीसी मोजतो म्हणून आकडा छापील ओहमपेक्षा कमी येतो: ८ ओहमचा बॉक्स साधारण साडेपाच ते सात, ४ ओहमचा तीन-साडेतीनच्या आसपास. ८ ओहमच्या ४ बाय १० ने बारा-तेरा दाखवलं तर एक व्हॉइस कॉइल (कोनामागची तारेची गुंडाळी) तुटलीय. अशा बॉक्सात बहुधा दोन-दोन स्पीकर सिरीजमध्ये (एकामागोमाग एक) आणि त्या दोन जोड्या पॅरलल असतात. एक गेला की त्याचा जोडीदारही गप्प बसतो, वाजतात फक्त दोन. मालकाला वाटतं स्पीकर थकले.

सगळं जुळलं तर किती फरक पडायला हवा, हेही माहीत असावं. ४ ओहमला ५०० वॉट देणारा ॲम्प ८ ओहमच्या एका बॉक्सला तीनशेच्या आसपास देतो. दुसरा तसाच बॉक्स लावला की एकूण ५०० जातात, म्हणजे प्रत्येकाला २५०. प्रत्येक बॉक्सवरचा ताण कमी होतो, आणि दोन कोन एकत्र हवा ढकलतात त्याचा फायदा धरून खालच्या सुरांत साधारण ५ डेसिबल वाढतात. डोळे बंद करूनही कळेल इतका हा फरक आहे. नाही कळला तर वर जाऊन बॅटरीची परीक्षा पुन्हा करा.

पंधरा आणि दहाची जोडी

पंधरा इंची म्हणजे बेस, दहा इंची म्हणजे तडतड, हा समज आमच्याकडे फार पक्का आहे. त्यातूनच '४ बाय १० वर १ बाय १५ ठेव, दोन्हीकडचं मिळेल' हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. मला तो पटत नाही.

स्पीकरचा व्यास बघून तो किती खाली जाईल हे सांगता येत नाही. ते ठरतं स्पीकरचा स्वभाव, पेटीचं घनफळ आणि पोर्ट (पेटीला ठेवलेलं हवेचं भोक) किती हर्ट्झला जुळवलाय यावर. हे गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात पुढे नेलं. आजही स्पीकरच्या कागदावर एफएस, क्यूटीएस, व्हीएएस असे आकडे छापतात ते त्यांचेच. गावातल्या सुताराकडून पंधरासाठी 'अंदाजाने' पेटी करून घेतली आणि पोर्टच्या जागी प्लंबिंगचा पाइप बसवला, तर ते पंधरा एखाद्या नीट बनवलेल्या २ बाय १० पेक्षा वर थांबेल.

फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणल्यावर १९५२ च्या बासमॅन ॲम्पमध्ये एक पंधरा इंचीच होता, काही वर्षांत त्यांनीच तो बदलून चार दहा इंची केले. १९६९ च्या ॲम्पेग एसव्हीटीसोबतचा प्रसिद्ध बॉक्स आठ दहा इंचींचा, तोही पोर्ट नसलेला सीलबंद. त्या बॉक्सच्या बेसला पातळ म्हणणारा मला अजून भेटायचाय. कोनाचं क्षेत्रफळ काढलं तर पंधराचं साधारण साडेआठशे चौरस सेंटिमीटर, दहाचं साडेतीनशे. चार दहा मिळून चौदाशे, म्हणजे एका पंधरापेक्षा कितीतरी जास्त हवा.

आता दोन्ही ८ ओहमचे धरून जोडी लावा. ताकद निम्मी-निम्मी. निम्मी चार कॉइलींत वाटली जाते, उरलेली निम्मी पंधराच्या एकट्या कॉइलीवर येते. ज्याच्यावर सगळ्यात जास्त भार तोच आधी थकणार. शिवाय ४ बाय १० सहसा जास्त संवेदनशील (तेवढ्याच ताकदीत मोठा वाजणारा) असतो, त्यामुळे मधल्या सुरांत पंधरा झाकून जातो आणि त्याचं अस्तित्व कळतं ते फक्त तो फाटल्यावर.

पण खरा घोटाळा फेजचा, म्हणजे दोन बॉक्सांच्या लहरी एकाच वेळी वर-खाली होतात की नाही याचा. प्रत्येक पेटी खालच्या सुरांना आपापल्या हिशोबाने उशीर लावते. पोर्टच्या सुराजवळ पोर्टवाली पेटी सीलबंद पेटीपेक्षा खूपच वेगळी वळते, इतकी की त्या पट्ट्यात दोघींची बेरीज व्हायच्या ऐवजी वजाबाकी होते. म्हणजे दोन्ही वायरी बरोबर, दोन्हींची बॅटरी परीक्षा पास, तरी ठरावीक सूर गायब. सीलबंद आणि पोर्टवाली एकत्र करायचा मोह म्हणून टाळाच.

हे ओळखायची युक्ती सोपी आहे. ई स्ट्रिंग उघडी वाजवा, मग एकेक फ्रेट चढत बाराव्यापर्यंत जा, सारख्याच जोराने. उघडी ई ४१ हर्ट्झ, तिसऱ्या फ्रेटचा जी ४९, पाचव्याचा ए ५५, आठव्याचा सी ६५, बाराव्याचा ई ८२. आवाज कुठे पडतोय ते फ्रेट लक्षात ठेवा. आता बॉक्स दोन-तीन हात सरकवा आणि पुन्हा चढा. गायब होणारा सूर बदलला तर दोष जागेचा. तोच राहिला आणि एक बॉक्स काढल्यावर परत आला तर दोष जोडीचा. एक बॉक्स काढूनही आला नाही तर उरलेला बॉक्स उघडायची वेळ झाली.

उलटी वायरही करून ठेवा: एका टोकाला प्लस-मायनस बदललेली छोटी स्पीकॉन, तिच्यावर लाल टेप, म्हणजे ती चुकून नेहमीच्या वायरींत जाणार नाही. दोन वेगळ्या पेट्या वापरणं भागच असेल तर एकीला सुलटी आणि उलटी दोन्ही वायर लावून ऐका, जास्त भरीव वाजेल ती ठेवा. भागवाभागवी आहे, पण कार्यक्रम निभतो.

लॉन आणि भिंत

काही तक्रारींत दोष बॉक्सांचा नसतोच. भुसावळला रेल्वे क्वार्टरच्या खोलीत सराव करताना भांडी थरथरतात आणि तोच संच हायवेच्या लॉनवर ठेवला की काही नाही. खोलीत मागची भिंत, कोपरा, जमीन सगळे मिळून बेस परत फेकतात. लॉनवर मागे असतो फ्लेक्स किंवा झालरीचा कपडा, आणि कपडा ४१ हर्ट्झला अडवत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठच्या मोकळ्या मैदानावर तर जमिनीशिवाय कोणीच मदतीला नसतं. इथे बेसचा नॉब वाढवून फायदा नाही: १० डेसिबल वाढवायला दहापट ताकद लागते. त्यापेक्षा ४० हर्ट्झच्या खालचं हाय-पासने (ठरावीक सुराखालचं अडवणाऱ्या फिल्टरने) कापा. पोर्टवाल्या पेटीत पोर्टच्या सुराखाली कोन नुसताच धापा टाकत असतो, आवाज देत नाही. ते कापलं की तीच ताकद कामाच्या सुरांना मिळते. मग २०० ते ४०० च्या आसपास थोडं वाढवा. कागदावर हे उलटं वाटेल, पण ढोलकच्या गर्दीत कान बेसला ओळखतो तो त्याच्या वरच्या स्वरांशांवरून.

मंगल कार्यालयात मागे खरी भिंत असेल तर बॉक्स तिला चिकटवा, नाहीतर चांगला लांब ठेवा. कोनापासून भिंत १ मीटरवर असली तर परत आलेला आवाज ८५-९० हर्ट्झच्या आसपास उलटा होऊन मिळतो आणि तो पट्टा खातो. डी स्ट्रिंगवरच्या तिसऱ्या फ्रेटचा एफ नेमका तिथेच, ८७ ला.

दोन बॉक्स स्टेजच्या दोन टोकांना ठेवायची हौस सोडा. ८२ हर्ट्झची लहर सव्वाचार मीटरच्या आसपास असते. ज्या पाहुण्याला एक बॉक्स दुसऱ्यापेक्षा दोन मीटरच्या थोडं वर जास्त लांब पडतो, त्याला तो सूर जवळजवळ मिळतच नाही. एकावर एक रचा, तोंडं एका रेषेत. वरचा बॉक्स कानाच्या उंचीला आला की वाजवणाऱ्यालाही स्वतःचं नीट ऐकू येतं, नाहीतर सगळा आवाज गुडघ्यांना जातो आणि माणूस उगाच व्हॉल्यूम वाढवत बसतो. स्टेज लोखंडी घोड्यांवर फळ्या टाकून केलेलं असेल तर खाली जाड फोम घाला, पोकळ फळ्या स्वतःच एखाद्या सुरावर घुमायला लागतात.

किरकोळ, पण बघून घ्या

पिकअपमधून रावेर-यावलचे रस्ते खाऊन आलेल्या बॉक्सचे स्क्रू ढिले होतात आणि हवा गळते. उदबत्ती पेटवून सांध्यांजवळ, हँडलजवळ, जॅकच्या पत्र्याजवळ फिरवा आणि कोणाला तरी खालचा सूर धरायला सांगा. धूर जिथे झटके खातो तिथे गळती. कोनावर दोन्ही हातांची बोटं सारखी ठेवून हलकेच दाबल्यावर खर्र आवाज आला तर गॅपमध्ये धूळ आहे किंवा कॉइल घासतेय, तो रिकोनलाच जाणार. गिटारची वायर स्पीकरला लावू नका, दिसायला सारखी असली तरी आत बारीक असते आणि तापते. इलेक्ट्रिकच्या दुकानातली तांब्याची दोन पदरी लवचिक वायर, १.५ किंवा २.५ स्क्वेअर एमएम, पुरते.

रात्र चढेल तसा आवाज बसत गेला आणि सकाळी पुन्हा बरा झाला, तर कॉइल तापतेय. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, बॉक्स ॲम्पकडून कमी ताकद घेतो. व्हॉल्यूम वाढवलात तर आणखी तापेल. यावर उपाय जास्त कोन हाच.

घ्यायचा झाला तर

एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, ८ ओहमचे दोन घ्या. २ बाय १० चे दोन किंवा १ बाय १२ चे दोन. पैसे एकदम नसतील तर आज एक, पुढच्या सीझनला तसाच दुसरा. सरावाला आणि छोट्या कार्यक्रमाला एक न्यायचा, लॉनवर दोन. ४ ओहमचा एकच मोठा बॉक्स दुकानात जास्त दणकट वाजेल, कारण तो एकटाच ॲम्पची पूर्ण ताकद घेतो, पण पुढे त्याच्यासोबत दुसरा लावायची वाट बंद होते.

आणि डीजेचे डबल अठरा (दोन अठरा इंची स्पीकरांच्या पेट्या) शेजारीच उभे आहेत म्हणून त्यांना आपला बेस ॲम्प जोडू नका. त्या पेटीत ८ ओहमचे दोन पॅरलल असले तर ती स्वतःच ४ ओहमची असते, तुमचा बॉक्स सोबत धरला की ॲम्पची हद्द संपली. वरून अठरा इंचीचा जड कोन बोटांचा ठसा दाखवू शकत नाही, नुसतं घुमतं. ॲम्पच्या डीआय सॉकेटमधून (मिक्सरला सिग्नल द्यायचं सॉकेट) एक्सएलआर वायर साउंडवाल्याच्या मिक्सरला द्या, अठरांना त्याच्या ॲम्पवर चालू द्या, आणि तुमचे दोन बॉक्स स्टेजवर स्वतःला ऐकण्यापुरते ठेवा. साउंडवाल्याला फक्त एवढं सांगा की बेस गिटारच्या चॅनलचा हाय-पास १०० वर ठेवलेला असेल तर तो ४० वर आणा. माइकच्या सवयीने तो तिथेच राहिलेला असतो, आणि 'बेस कथा गया' विचारणाऱ्याच्याच मिक्सरवर बेस अडकलेला सापडतो.